राजीखुशीने सोडलेलं पाळणाघर

कापडाच्या मिलमध्ये मी सतरा वर्षं नोकरी केली आणि या हातांनी वीतभर कापड कधी विणलं नाही. फाटकातून हजारो माणसं आत जायची ती सूत काढायला, विणायला, रंगवायला. मी जायची ती लेकरं सांभाळायला.

मिलमध्ये पाळणाघर असायचं हे आता नागपुरातल्या लोकांनाही समजावून सांगावं लागतं. कायदाच होता. जिथे बऱ्याच बायका कामाला आहेत, त्या कारखान्यात त्यांच्या लहान मुलांसाठी खोली, पाळणे, दूध आणि लक्ष द्यायला एक बाई असली पाहिजे. ती एक बाई म्हणजे मी. हजेरीच्या रजिस्टरात मेश्राम, पण आख्ख्या मिलमध्ये 'पाळणाबाई'. लेबर ऑफिसरसुद्धा एकदा नोटिशीवर तसंच लिहून बसले होते.

आमची खोली सूत गुंडाळायच्या खात्याला लागून होती. बायका जास्त त्याच खात्यात. सकाळच्या भोंग्याच्या आधी त्या लेकरं माझ्याकडे द्यायच्या आणि दिवसातून दोनदा दूध पाजायला यायच्या. त्यांच्या केसांवर, पापण्यांवर कापसाचा फुफाटा बसलेला असायचा. तो लेकरांच्या नाकात जायचा, म्हणून मी दाराशी बादली आणि जुनी लुगडी ठेवली होती. हातपाय धुवा, लुगडं अंगावर घ्या, मग लेकरू घ्या. सुरुवातीला मला शिव्या पडल्या. पाजायला वेळ तो किती, त्यात हिचं सोवळं, असं त्या म्हणायच्या. पण पहिल्या हिवाळ्यात लेकरांचा खोकला कमी झाला आणि शिव्याही कमी झाल्या.

तान्ही मुलं ओळखता यावीत म्हणून मी प्रत्येकाच्या पायात रंगीत सुताचा दोरा बांधत असे. एकदा दोन पोरांनी एकमेकांचे दोरे ओढून काढले आणि चघळून टाकले. दोघंही काळेसावळे, दोघांच्याही डोक्यावर जावळ. मी घामाघूम झाले. शेवटी आया आल्या, त्यांनी न बघताच आपापलं उचललं आणि पाजायला बसल्या. मी कोणाला काही सांगितलं नाही.

बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही अशी एक गोष्ट आहे. आमची लेकरं मशिनींच्या आवाजात झोपायची. भिंत थरथरायची, आपल्याला आपलं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि ती गाढ. पण वीज गेली, मशिनी थांबल्या आणि सगळीकडे चिडीचूप झालं की सगळ्या पाळण्यांतून एकदम रडं उठायचं. शांततेला भिणारी मुलं मी तिथेच पाहिली. माझी धाकटी नंदाही त्याच पाळण्यांत वाढली. घरी तिला झोपवायला मी तिच्या बाबांना शेजारच्या खोलीत शिलाई मशीन चालवायला सांगत असे.

या वीज जाण्यामुळेच यमुनाची आणि माझी खरी ओळख झाली.

यमुना सूत गुंडाळणाऱ्या बायकांपैकी. विशी-बाविशीची, सडपातळ, कमी बोलणारी. तिची आठ महिन्यांची चंदा माझ्याकडे असायची. फार शहाणी मुलगी, रडत नाही, त्रास देत नाही, असं मीच सगळ्यांना सांगायची. एका दुपारी वीज गेली. सगळी पोरं किंचाळत उठली आणि चंदा हललीसुद्धा नाही. मी जवळ जाऊन तिला चिमटा घेतला, तरी तिने नुसता ओठ हलवला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाजायच्या सुट्टीत मी यमुनाला कोपऱ्यात घेतलं आणि विचारलं, लेकराला अफू कोण देतं?

तिने नाकारलं नाही. सासू रात्री बारीकशी गोळी चाटवते आणि सकाळी निघताना अजून एक, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, "काहून वं? जीव जाईल पोरीचा."

ती म्हणाली, "बाई, मले झोप पाहिजे. रात्रभर पोरगी रडली तर मी दिवसा मशिनीपाशी उभी कशी राहू? मागच्या महिन्यात डुलकी लागली तं बोटं जाता जाता वाचली."

नियमाप्रमाणे मी मिलच्या डॉक्टरांना कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर डॉक्टर तिला सगळ्यांसमोर बोलले असते आणि तिने चंदाला माझ्याकडे आणणंच बंद केलं असतं. न कळवावं, तर उद्या पोरीला काही झालं की माझ्या हाताने झालं. मी दोन्हींतलं काहीच धड केलं नाही. तिला म्हटलं, ती अफूच्या गोळ्यांची डबी रोज सकाळी माझ्याकडे आणून द्यायची. मी पोरीला दिवसभर झोपू देणार नाही, म्हणजे रात्री ती आपोआप झोपेल. गोळी हळूहळू बारीक करत न्यायची आणि मग बंद करायची, हेही मीच ठरवलं. कोणत्या शास्त्राने, ते विचारू नका. महिना-दीड महिना मी त्या पोरीला कडेवर घेऊन खोलीभर हिंडले. ती किरकिर करायची, तिला हगवण लागायची, आणि मला रोज वाटायचं की आता डॉक्टरांकडे जावं. गेले नाही. पोरगी वाचली, गुटगुटीत झाली. पण आजही कोणी विचारलं की तुम्ही बरोबर केलं का, तर मला सांगता येत नाही. वाचली म्हणून बरोबर म्हणायचं, इतकंच.

यमुनाच्या मनात मात्र पक्कं बसलं की पाळणाबाईला सगळं समजतं. तेव्हापासून ती मला प्रत्येक गोष्ट विचारू लागली. नवऱ्याला दारूवरून काय म्हणावं, पोरीला देवीची लस टोचावी का, भिशीत पैसे टाकावे का. मीही सल्ले द्यायची. कोणी विचारलं की आपल्याला येतं असंच वाटू लागतं.

आता माझ्या घरचं सांगते. माझे यजमान सुखदेव. जरीपटक्याच्या बाजारात त्यांचं शिलाई मशिनी दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. हात सोन्यासारखा आणि स्वभाव भोळा. त्या काळात नागपूरच्या चारी बाजूंना शेतं मोडून प्लॉट पाडणं सुरू झालं होतं. रंगीत नकाशे घेऊन माणसं दारोदार फिरायची. आपलं घर व्हावं म्हणून आम्ही मिलच्या पतपेढीतून कर्ज काढलं, ते पुरलं नाही म्हणून महाल भागातल्या एका सावकाराकडून व्याजाने घेतलं आणि एक प्लॉट विकत घेतला. दोन वर्षांनी कुंपण घालायला गेलो तर तिथे दुसऱ्याच माणसाने विहीर खणायला घेतलेली. ले-आउटवाल्याने एकच प्लॉट तिघांना विकला होता आणि तो स्वतः कुठे गेला ते कोणालाच माहीत नव्हतं.

यजमानांनी कोणाला शिव्या दिल्या नाहीत, कपाळावर हात मारला नाही. दर रविवारी सायकल काढून ते त्या प्लॉटवर जायचे, थोडा वेळ उभे राहायचे आणि परत यायचे. मी विचारलं, तिथे काय करता? तर म्हणाले, काही नाही, पाहून येतो. व्याजाचा तगादा मात्र दर महिन्याला घरी येत होता. माझा पगार हातात यायच्या आधीच अर्धा संपलेला असायचा. पाच-सहा वर्षं अशी गेली आणि मूळ रक्कम जागची हलली नाही.

त्याच सुमारास मिलमध्ये नोटीस लागली. जे कामगार राजीखुशीने नोकरी सोडतील त्यांना सगळी देणी आणि वर काही महिन्यांचा पगार एकरकमी मिळेल. नव्या मशिनी येत होत्या, माणसं कमी करायची होती. सूत गुंडाळायच्या खात्यातल्या बायकाही कमी होत चालल्या होत्या. माझ्याकडे एके काळी बावीस पाळणे भरलेले असायचे, आता सात-आठ उरले होते.

मी हिशेब केला. ती रक्कम आली तर पतपेढी आणि सावकार दोघेही एका दिवसात सुटतील. नंतर खायचं काय, तर दुकानाच्या कमाईत भागवायचं. यजमान हो म्हणेनात, नाही म्हणेनात. "मी काय सांगू? तुझी नोकरी माझ्यामुळं जाऊन राहिली," एवढंच ते म्हणाले. थोरली उषा नववीत होती. ती म्हणाली, आई, दर एक तारखेला तू कपाटामागं जाऊन रडते, ते तरी बंद होईल. तिला हे माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

लेबर ऑफिसरांकडे गेले. ते फार गोड बोलले, खुर्ची दिली, चहा मागवला. सतरा वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं. मी विचारलं, मी गेले तर पाळणाघराचं काय? ते म्हणाले, खोली आहे, पाळणे आहेत, दुसरी बाई बघू. मी परत विचारलं, नक्की ना? ते म्हणाले, "मेश्रामबाई, मिल काय एका माणसावर चालते?"

मला खरं काय ते कळत होतं का? कळत होतं आणि नव्हतंही. बायका ठराविक संख्येच्या खाली गेल्या की पाळणाघर ठेवायची सक्ती राहत नाही, हे मला पाठ होतं. ती संख्या आता कुठे आहे, तेही मी मोजू शकले असते. मी मोजलं नाही. गरजवंत माणूस असं सोयीने विसरतं, आणि त्याला आपण विसरतोय हेही दिसत असतं.

यमुनाला तेव्हा दुसरं लेकरू झालेलं होतं, सहा महिन्यांचा मुलगा. तिला सांगितलं तेव्हा तिने त्याचं झबलं नीट केलं. मग म्हणाली, "दुसरी बाई तुमच्यासारखी राहीन का?" मी म्हटलं, माझ्याहून चांगली असेल.

टाइम ऑफिसात फॉर्म भरायला गेले. त्यावर छापलं होतं, 'मी कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने नोकरी सोडीत आहे.' मी पेन धरून बसले. तिथले म्हातारे बाबू म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, आपण राजी आहोत की नाही तेच समजत नसलं तर काय लिहायचं? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "बाई, त्याच्यासाठी रकाना नाही." मी सही केली.

चेक वटला त्याच दिवशी आम्ही दोघं सावकाराकडे गेलो आणि तिथून पतपेढीत. संध्याकाळी घरी आलो तेव्हा काही उरलं नव्हतं आणि कोणाचं काही देणंही नव्हतं. यजमान ओट्यावर बसून राहिले. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी चूल पेटवली, विझवली, परत पेटवली. स्वयंपाक कोणता करायचा हेच सुचेना.

आता काटकसर. लोकांना वाटतं, काटकसर म्हणजे कमी खाणं. ते सोपं असतं. अवघड असतं ते एकमेकांना नाही म्हणणं. यजमान पोरींना नाही म्हणू शकत नव्हते, मी त्यांना नाही म्हणू शकत नव्हते, आणि पोरी मोठ्या माणसांसारख्या काही मागतच नव्हत्या, ते तर त्याहून वाईट. मग उषाने तोडगा काढला. दर आठवड्याला घरातल्या एकाने 'नाही' म्हणायचं. ज्याची पाळी त्याला विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही, आणि तो नाही म्हणाला तर रुसायचं नाही. यजमानांच्या आठवड्यात सगळं मिळायचं. उषाच्या आठवड्यात आगपेटीच्या काड्यासुद्धा मोजल्या जायच्या. नऊ वर्षांच्या नंदाने आपल्या पाळीत वडिलांच्या विड्या बंद केल्या, त्या कायमच्याच. रेडिओ विकला. सकाळी गुळाचा बिनदुधाचा चहा आणि ज्वारीची भाकर. वरण इतकं पातळ की नंदा म्हणायची, आई, तुरीची डाळ कुठी पोहायला गेली? आम्ही हसायचो. त्या घरात इतकं हसणं कर्जाच्या दिवसांत कधी नव्हतं. आणि तरी भोंगा झाला की मी उभी राहायची. पदर खोचून दारापर्यंत जायची, आणि दारातून परत फिरायची. घर सुखात आहे आणि मी नाही, की मीही सुखात आहे आणि मला ते ओळखू येत नाही, याचा उलगडा मला होत नव्हता.

नोकरी सोडून महिनाही झाला नसेल. एका सकाळी दार वाजलं. यमुना होती, कडेवर मुलगा. आत आली, लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "तिथं कुलूप लागलं. आतमधी सुताच्या रिकाम्या कांड्या भरून ठेवून राहिले." एवढं बोलून ती भोंगा चुकू नये म्हणून पळाली. दुसऱ्या दिवशी अजून दोघी आल्या. आठवड्याभरात माझ्या दीड खोलीत पाच लेकरं झाली. साडीच्या झोळ्या आढ्याला बांधल्या.

पैशाचं मी कोणाला बोलले नाही. कसं बोलणार? माझ्या सहीमुळे कुलूप लागलं होतं. यजमान दबक्या आवाजात म्हणाले की दूध तरी त्यांनी द्यावं. मी ऐकलं नाही. आमच्या बिनदुधाच्या घरात दुसऱ्यांच्या लेकरांना मी दूध पाजत होते आणि 'नाही' म्हणायची पाळी असलेली उषा माझ्याकडे एकदा बघून अभ्यासाला बसत होती.

एक दिवस यमुनाच रागावली. मुलाला घ्यायला आली, तो झोपेत होता. ती दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, पैसे घ्या."

मी म्हटलं, राहू दे वं, तुझं तरी कुठं भागते.

"भागो नाही तं न भागो. तुम्ही फुकट सांभाळता म्हणून मले तुमच्यावर रागवता येत नाही. मले रागवाचं आहे. तुम्ही आम्हाले न विचारता सही केली. पैसे घ्या, म्हंजे मी बोलू शकीन."

मी पैसे घेतले. मग ती बोलली. किती बोलली, ते इथे लिहीत नाही. सगळं खरं होतं. शेवटी तिने पाणी मागितलं, पिऊन मुलाला उचललं आणि उद्या येते म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली असं म्हणावंसं वाटतं, पण तसं काही झालं नाही. दूध मात्र त्या बायकांनी आपलं आपलं आणायला सुरुवात केली.

असं तीन-चार वर्षं चाललं. मिलमध्ये परत तीच नोटीस लागली. आता यमुनाच्या खात्यातल्या उरलेल्या बायकांना बोलावणं आलं होतं. ती माझ्याकडे आली आणि तिने नेहमीसारखं विचारलं, "घेऊ का?"

मी जन्मभर दोन्हीकडचं बोलत आलेली बाई. त्या दिवशी मला स्वतःचाच कंटाळा आला. माझ्या सहीचं सगळं आठवलं, ते कुलूप आठवलं, तिचं ते बोलणं आठवलं. मी म्हटलं, "घेऊ नको. हातची नोकरी सोडू नको. मी सोडली, पाहा माझं काय झालं." इतकं ठाम मी कोणाला कधीच बोलले नव्हते. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. तिने सही केली नाही. तिच्याबरोबरच्या चौघींनी केली आणि पैसे घेऊन गेल्या.

वर्षा-दीड वर्षात मिल बंद पडली. फाटकावर नोटीस, आत पोलीस, बाहेर माणसं. आज उघडेल, उद्या उघडेल करत लोक फाटकाशी बसायचे. यमुनाचे हक्काचे पैसे अडकले. हे लिहितेय तोपर्यंत तिला त्यातले थोडेसेच मिळाले आहेत, बाकीच्यांसाठी कोर्टात नुसती तारीख पडते. आणि वस्तीतले लोक मला म्हणतात, पाळणाबाई हुशार, वेळेवर बाहेर पडली. मी हुशारीने बाहेर पडले नव्हते. आणि एकदाच आयुष्यात गोंधळ न होता बोलले, ते चुकलं.

बरेच दिवस मी तिच्या घराकडे फिरकले नाही. तिचा मुलगा आता शाळेत जायचा, त्यामुळे तिलाही माझ्याकडे यायचं कारण नव्हतं. शेवटी एका दुपारी धीर करून गेले. संत्र्याच्या हंगामात बाजारात ती फळं निवडायच्या कामाला जायची, हंगाम संपला की घरी. दारात सूप घेऊन वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, मी तुला चुकीचं सांगितलं. माझं ऐकलं नसतं तर पैसे हातात असते.

ती सोलता सोलता म्हणाली, "तुम्ही सांगितलं ते मले ऐकाचंच होतं. नाही तं मी त्या चौघींले विचारलं असतं." मग बसा म्हणाली. मी बसले.

थोड्या वेळाने तिने सांगितलं की कन्हानला तिचा भाऊ असतो, खाणीत नोकरीला. तो म्हणतो, इथं ये, चहा-भज्याची टपरी टाकून देतो. पण चंदाची शाळा इथे, नवऱ्याचं हमालीचं काम इथे, आणि मिलच्या तारखाही इथेच. एवढं सांगून तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जाऊ का?"

मला वाटलं, ही थट्टा करते. पण ती थट्टा करत नव्हती. खरंच विचारत होती.

मी म्हटलं, "मले समजत नाही वं."

"मलेही नाही समजत," ती म्हणाली, आणि सुपातल्या अर्ध्या शेंगा तिने माझ्यापुढे सारल्या. भाऊ भाड्याचं काय म्हणतो, टपरीची जागा कोणाची आहे, चंदाला तिथे शाळा कोणती, हे एकेक विचारत मी सोलायला लागले.